जिभेवरची पुटकुळी

परवा अकरावीच्या वर्गात ‘मापन’ हे प्रकरण शिकवताना मीच एका मापनात चुकलो! सकाळपासून जिभेच्या शेंड्याला काहीतरी टोचत होते. चहाचा घोट घेताच डोळ्यांत पाणी येई. ज्वारीच्या दाण्याएवढा फोड असणार, अशी माझी खात्री होती. घरी आरशात पाहिले, तर मोहरीपेक्षाही लहान पुटकुळी! मग ती एवढी मोठी का भासली?

आपल्या जिभेवर असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यांना अंकुरक म्हणतात. बहुतेक अंकुरक धाग्यासारखे निमुळते असतात. त्यांच्यामुळे जीभ खरखरीत लागते. शेंड्याकडे व कडांना मधूनमधून अळंबीच्या आकाराचे लालसर अंकुरक दिसतात. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या रुचिकलिका असतात. जीभ दाताखाली आली किंवा कढत पदार्थाने भाजली, तर अशा एखाद्या अंकुरकाचा दाह होतो. पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने बाहेर पडतात, केशवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि अंकुरक सुजतो. डॉक्टर याला ‘ट्रान्झियंट लिंग्वल पॅपिलायटिस’ म्हणतात. इंग्रजी बोलीत मात्र यांना ‘खोटेपणाच्या पुटकुळ्या’ असे नाव आहे. अर्थात, खोटे बोलण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही!

आता एक प्रयोग करा. मित्राला डोळे मिटायला सांगा. काडेपेटीतील दोन काड्यांची बोथट टोके ५ मिलिमीटर अंतरावर धरून त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. त्याला दोन स्पर्श जाणवतील. तेच पाठीवर करा, तो म्हणेल, “एकच!” १८३४ साली वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने शरीराच्या निरनिराळ्या भागांवर अशी मापने प्रसिद्ध केली. सर्वांत सूक्ष्म ठरला जिभेचा शेंडा. तेथे सुमारे १ मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्शही वेगळे कळतात. इतक्या संवेदनक्षम जागी मोहरीची ज्वारी झाली, तर नवल कसले?

आणि चहा का पोळला? वेदना नेणाऱ्या चेतातंतूंवर एक ‘दार’ असते. ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते. मिरचीतील कॅप्सायसिननेही तेच दार उघडते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी ते शोधले. २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दाह झालेल्या जागी हे दार कमी तापमानालाच उघडते. म्हणून कोमट चहाही चटका देतो.

ही पुटकुळी बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप बरी होते. ती फोडू नये. तिखट व कढत पदार्थ टाळावेत. मात्र वेदनेवरून धोका मोजू नका. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री यांमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा व्रण सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून घरची माणसे तिकडे दुर्लक्ष करतात. तोंडातील कोणताही व्रण, चट्टा वा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. येथे खरे मापकयंत्र जीभ नव्हे, भिंतीवरचे कॅलेंडर होय!