‘एरर येऊन राहिला’ एवढ्यानं भागत नाही

दक्षिण नागपुरात, हुडकेश्वरला राहणारी बी.कॉम.ची एखादी विद्यार्थिनी रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर पायथन या संगणकभाषेचा पहिला धडा लावते. व्हिडिओतला माणूस जे टाइप करतो, तेच ती समोरच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करते. त्याचं चालतं. तिच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटतात. ती धडा देणाऱ्याला कळवते : ‘सर, एरर येऊन राहिला.’ समोरच्याला यातून काहीच कळत नाही, म्हणून उत्तर येत नाही. उत्तर येत नाही म्हणून ती मनाशी ठरवून टाकते की हे आपल्या आवाक्यातलं नाही. तिकडे धडा देणारा समजतो की मुलं लक्ष देऊन बघत नाहीत. दोघांचाही अंदाज बहुतेक वेळा चुकलेला असतो.

सगळ्यात जुना गैरसमज असा, की शिकवणाऱ्याचं चाललं आणि आपलं नाही, म्हणजे चूक आपलीच. पायथनपुरतं बोलायचं तर हे कितीदा खोटं ठरतं, ते दोन तारखांवरून कळेल. पायथनची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि दुसऱ्या आवृत्तीला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधली अकरा वर्षं दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी नांदल्या, दोन्हींचे धडे तयार झाले आणि इंटरनेटवर ते अजून तसेच आहेत. जुन्या धड्यात ‘प्रिंट’पुढे कंस नसतो, नव्या पायथनला तो लागतो. हा निदान सरळ मामला आहे. कंस राहिल्याचं नवं पायथन स्वतःच सांगतं आणि दुरुस्तीही सुचवतं.

खरी गोची होते ती लाल अक्षर न उमटता. जुन्या पायथनमध्ये ५ भागिले २ चं उत्तर २ येई, नव्यात २.५ येतं. जुन्यात वापरणाऱ्याकडून ‘इनपुट’ने ५ हा आकडा घेऊन त्याची दुप्पट केली की १० मिळत. नव्या पायथनला तोच ५ आकडा न वाटता अक्षर वाटतं, आणि अक्षराची दुप्पट म्हणजे तेच अक्षर दोनदा. म्हणजे पाचाची दुप्पट ५५! प्रोग्राम न कुरकुरता चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. तक्रार व्हायला हवी ती इथे, पण इथे ती सहसा होत नाही.

मागच्या पिढीची कहाणी निराळी नव्हती. देशभरातल्या कित्येक महाविद्यालयांनी सी आणि सी प्लस प्लस शिकवलं ते टर्बो सी प्लस प्लस या कंपायलरवर. ते १९९० साली आलं आणि सी प्लस प्लस भाषेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ मध्ये. प्रॅक्टिकलच्या वहीतल्या पहिल्याच ओळीतली ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ नावाची फाइल नव्या कंपायलरपाशी नसतेच. पुढची ‘व्हॉइड मेन’ ही ओळ तो नियमबाह्य ठरवतो. वहीत उतरवून घेताना विद्यार्थ्याची काहीच चूक झालेली नसते.

‘ज्या ओळीचा नंबर दाखवला, चूक त्याच ओळीत’ हेही खरं नाही. सातव्या ओळीत कंस उघडला आणि मिटवायचा राहिला, तर जुनं पायथन बोट दाखवायचं आठव्या ओळीकडे, जिथे काहीच बिघडलेलं नसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून ते ‘हा कंस मिटवलेलाच नाही’ असं नेमकं सांगू लागलं. तरीही एक सवय लावून घ्यावी : दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी बघायची, आणि लांबलचक संदेश आला तर शेवटच्या ओळीपासून वाचायला लागायचं. पायथन मुद्द्याची गोष्ट शेवटी सांगतं.

आता मराठी शिकणाऱ्यांच्या खास अडचणी. त्या परदेशी धडेकर्त्याच्या ध्यानीमनीही नसतात, म्हणून इथे जरा रेंगाळायला हरकत नाही.

सुरुवात अवतरणचिन्हांपासून. वर्ड किंवा व्हॉट्सअॅपमधून उचललेल्या कोडमध्ये अनेकदा वळणदार अवतरणचिन्हं येतात. डोळ्याला ती सरळ चिन्हांपेक्षा देखणी वाटतात, पायथनला मात्र परकी. मराठी आकड्यांची गंमत याहून वरची. कोडमध्ये चलाचं नाव ‘वय’ असं देवनागरीत ठेवलं तर पायथन ३ ते मुकाट स्वीकारतं, पण त्यापुढे २५ हे देवनागरीत लिहिलं की अडून बसतं. आणि तेच देवनागरी २५ प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याने टाइप केले, तर पूर्णांक करणारी ‘इंट’ ही आज्ञा त्यांचे बिनतक्रार पंचवीस करते. एकच आकडा कोडमध्ये चूक आणि माहितीत बरोबर, हे नवख्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

शब्दाची लांबी मोजायला सांगा. ‘हुडकेश्वर’मध्ये मराठी माणूस पाच अक्षरं मोजेल. पायथन नऊ सांगतं, कारण उकार, मात्रा आणि हलन्त ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हं आहेत. हा बिघाड नव्हे, युनिकोडची ती रीतच आहे. मात्र धड्यात ‘लांबी म्हणजे अक्षरांची संख्या’ एवढंच सांगितलं असेल, तर ते वाक्य मराठीपुरतं चूक आहे आणि धडा करणाऱ्याला तसं कळवायलाच हवं. ‘दऱ्या’सारखा शब्द तर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत आत एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, दुसरीत नसतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना केली की पायथन ते वेगळे ठरवतं, आणि जोडचिन्हवाला शब्द चलाचं नाव म्हणून दिला तर नाकारतं.

उलट बाजूचा गैरसमजही आहेच. विचित्र दिसलं की भाषेतच खोट, असा निकाल देणारे काही कमी नाहीत. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतं, कारण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत पुरता मावत नाही. २.५ चं पूर्णांकन केलं तर ३ नाही, २ येतात. बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, असा पायथन ३ चा नियम आहे. अशा तक्रारी खऱ्या ठरत नसल्या तरी धड्यात त्या ठिकाणी एक खुलासा हवा होता, एवढं त्यातून नक्की कळतं.

‘विद्यार्थी कुठे चुकतात ते अनुभवी शिक्षकाला ठाऊकच असतं’ हा समज मात्र आकडेवारीपुढे टिकला नाही. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातले नील ब्राउन आणि अमजद अल्तादमरी यांनी २०१४ मध्ये जावा शिकणाऱ्यांच्या प्रत्यक्ष चुकांची नोंद शिक्षकांच्या अंदाजांशी ताडून पाहिली. कोणत्या चुका सर्वाधिक होतात यावर शिक्षकांचं आपसातच फारसं एकमत नव्हतं, नोंदींशी त्यांचे अंदाज बेताचेच जुळले, आणि शिकवण्याच्या अनुभवाने त्यात फरक पडला नाही. म्हणजे शिकणाऱ्याने सांगितल्याखेरीज शिकवणाऱ्याला कळण्याचा भरवशाचा मार्ग नाही.

तरीही नवख्याने चूक दाखवणं आपल्याकडे आगाऊपणा मानला जातो. डोनाल्ड क्नुथ यांच्यासारखा संगणकशास्त्राचा दिग्गज स्वतःच्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देत आला आहे. आपल्या घराजवळचं उदाहरण मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चं. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पातले सुमारे दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकता येतात. आवाज मराठी, पडद्यावरचा मजकूर इंग्रजी. धड्याची संहिता ध्वनिमुद्रणाआधी विषय न येणाऱ्या नवख्याकडून तपासून घ्यायची, अशी तिथली पद्धत आहे. प्रश्न विचारताना तो धड्याच्या कितव्या मिनिटाला आणि कोणत्या सेकंदांदरम्यान पडला, हेही नोंदवायचं असतं. कोणती संगणक प्रणाली आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे ते प्रत्येक धड्याच्या आरंभीच सांगतात. घाईत पुढे ढकलला जातो तो नेमका हाच भाग, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

चूक कशी कळवावी यावर ‘पुट्टी’ या सॉफ्टवेअरचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : समोरच्याला ती चूक स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता आली पाहिजे. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवर ते होत नाही. पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटोही फारसा उपयोगी नाही, कारण त्यातून ओळ उचलून चालवून बघता येत नाही, आणि अवतरणचिन्ह सरळ होतं की वळणदार तेही त्यात दिसत नाही.

त्यामुळे हुडकेश्वरच्या त्या मुलीने पुढच्या वेळी असं लिहावं : ‘धडा तिसरा, ४ मिनिटं १० सेकंद. माझ्याकडे पायथन ३.१२, विंडोज. इनपुटमध्ये ५ दिले, दुप्पट १० यायला हवी होती, ५५ आली. मी टाइप केलेल्या ओळी खाली देत आहे.’ लाल अक्षरं आली असतील तर तीही जशीच्या तशी चिकटवावीत, त्यांचं भाषांतर करू नये. बाकी सगळं मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि ज्यांच्याकडे असं पत्र येईल त्यांनी आधी आपला धडा त्या मिनिटापासून नव्या पायथनवर चालवून बघावा, मग उत्तर द्यावं.