विजयदुर्गचं ग्रहण आणि १८९९ पासून सुरू होणारी फाईल

सुट्टीत घरी आलो की विजयदुर्गला एक फेरी होतेच. या वेळी किल्ल्यावर ओळखीचे एक काका भेटले आणि त्यांनी थेट विचारलं, "तू आकाशातला शिकतस मा? मग सांग, हेलियम आमच्याच किल्ल्यार गावलो मा?"

किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यग्रहण पाहण्यासाठी उपकरणं ठेवली ते हे चौथरे. ते ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं. हेलियमची गोष्ट मात्र १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाशी जोडलेली आहे. तीस वर्षांच्या अंतराने झालेली ही दोन ग्रहणं आपल्याकडे बोलताना नेहमी एकत्र होतात. काकांना म्हटलं, "संध्याकाळी हिशेब करून सांगतंय."

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. 'स्कायफील्ड' ही पायथन भाषेतली खगोलगणिताची ओपन सोर्स लायब्ररी मी रोज वापरतो. शिकवणीतल्या उदाहरणासारख्या दहा-बारा ओळी लिहिल्या, तारीख टाकली १८९८ ची, आणि उत्तराऐवजी एरर आला. तुमच्या फाईलमध्ये ही तारीखच नाही, असं त्याचं म्हणणं. उदाहरणांत वापरतात ती 'डीई४२१' नावाची फाईल १८९९ च्या जुलैअखेरीस सुरू होते आणि २०५३ च्या ऑक्टोबरमध्ये संपते. आमचं ग्रहण दीड वर्षाने हुकलं!

माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ या असल्याच भानगडींत जातो. म्हणून आज लिहितोय ते अशी लायब्ररी सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर.

लायब्ररीत असतं काय?

लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून, तपासून ठेवलेला कोड. तो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये बोलावून घेतो, म्हणजे चंद्राची गती प्रत्येकाने पुन्हा पहिल्यापासून मांडायला नको. ओपन सोर्स असल्यामुळे तो कोणीही वाचू शकतं, चूक दाखवू शकतं, दुरुस्तीही सुचवू शकतं.

ढोबळपणे तिचे तीन थर असतात. पहिला, ग्रहगोल कधी कुठे होते आणि असतील याचा डेटा. दुसरा, पृथ्वी स्वतःभोवती नेमकी किती फिरली आहे याचं कोष्टक. तिसरा, या दोन्हींतून उत्तर काढणारा कोड. तिन्ही थर जुने होतात, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

पहिला थर: ग्रहांचा डेटा

'डीई' या नावाच्या फाईली नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी तयार करते. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून परत येणारे लेसर किरण, ग्रहांभोवती फिरणाऱ्या यानांचे रेडिओ संदेश, दुर्बिणींचे वेध, असं सगळं घेऊन सूर्यमालेचं गणित पुन्हा सोडवलं जातं. नवं यान नवी मोजमापं पाठवतं, की पुढची आवृत्ती आणखी नेमकी होते. डीई४२१ ही २००८ ची. डीई४४० वर २०२१ मध्ये लेख आला आणि ती १५५० पासून २६५० पर्यंतचा काळ व्यापते.

मी डीई४४० उतरवून घेतली आणि एरर गेला. फाईल बदलली, कोड तोच राहिला. डेटा आणि कोड वेगळे ठेवण्याचा हा फायदा. पण लायब्ररी सांभाळणाऱ्यावर त्यामुळे एक जबाबदारीही येते. डेटाच्या हद्दीबाहेरची तारीख आली तर अंदाजाने काहीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं, की स्पष्ट नकार द्यायचा? मला आलेला एरर तेव्हा तापदायक वाटला. पण गुपचूप चुकीचं उत्तर मिळालं असतं तर मी तेच काकांना सांगून आलो असतो.

दुसरा थर: पृथ्वीचं घड्याळ

हा माझा आवडता भाग. ग्रहांचं गणित एकसारख्या चालणाऱ्या वेळेत करतात. पृथ्वी मात्र तितक्या शिस्तीने फिरत नाही. भरती-ओहोटीच्या ओढीमुळे ती हळूहळू मंदावते, आणि पोटातल्या व वातावरणातल्या हालचालींमुळे मधूनच थोडी वेगही घेते. एकसारखी वेळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ यांतल्या फरकाला 'डेल्टा टी' म्हणतात. १८९८ साली तो शून्याच्या जवळ, उणे काही सेकंद होता. आज तो सुमारे ६९ सेकंद आहे.

अडचण अशी, की पुढचा डेल्टा टी कोणत्याही सूत्रातून पक्का मिळत नाही. तो मोजावाच लागतो. फार दूरच्या क्वेसारांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींनी एकाच वेळी टिपून हे मोजतात, आणि आयईआरएस ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याची कोष्टकं सतत प्रसिद्ध करते.

माझ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मी कोष्टकाऐवजी एस्पेनाक आणि मेयस यांचं २००६ सालचं प्रसिद्ध सूत्र घातलं होतं. सूत्र चांगलंच आहे. पण २०२४ साठी ते जवळपास ७४ सेकंद देतं आणि मोजमाप आहे ६९ सेकंदांचं. मधल्या वर्षांत पृथ्वीने अपेक्षेपेक्षा वेग धरला. आठवडाभर मी स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत बसलो होतो. चूक होती ती वीस वर्षांपूर्वीच्या अंदाजाला मोजमाप समजण्याची.

पाच सेकंदांनी काय बिघडतं? विजयदुर्गच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४५ मीटर पूर्वेकडे सरकते. म्हणजे पाच सेकंदांच्या चुकीत चंद्राची सावली नकाशावर दोन किलोमीटरहून जास्त बाजूला पडते. खग्रास पट्ट्याच्या कडेला उभं राहून ग्रहण पाहणाऱ्याचा दिवस त्यात वाया जाऊ शकतो.

लीप सेकंदांचीही हीच तऱ्हा. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला धरला गेला. पुढे कधी लागेल हे सूत्रातून कळत नाही, घोषणेची वाट पाहावी लागते. म्हणून लीप सेकंदांच्या यादीवर औषधाच्या बाटलीसारखी मुदत छापलेली असते. मुदत संपली की लायब्ररी कुरकुरते, आणि ती कुरकुर बंद करून टाकण्याचा मोह आपल्याला होतो. करू नका.

आणि ही कोष्टकं येतात कुठून, हाही प्रश्न आहेच. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीचे सर्व्हर नूतनीकरणासाठी बंद झाले आणि कित्येक महिने बंद राहिले. जगभरातले प्रोग्रॅम तिथून फाईल मागायचे. ॲस्ट्रोपाय, स्कायफील्ड या लायब्रऱ्या सांभाळणाऱ्यांना कोष्टकं दुसरीकडून घेण्याची सोय करावी लागली. वापरणाऱ्या बहुतेकांना यातलं काही कळलंही नाही. देखभाल नीट झाली की ती दिसतच नाही.

तिसरा थर: कोड

त्रिकोणमितीची सूत्रं बदलत नाहीत, मग कोड का जुना व्हावा? कारण तो दुसऱ्यांच्या कोडवर उभा असतो. आकडेमोडीसाठी सगळे वापरतात त्या 'नमपाय'ची २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. काही जुन्या सवयी त्यात चालेनाशा झाल्या आणि वर उभ्या असलेल्या असंख्य लायब्रऱ्यांना डागडुजी करावी लागली. आपलं घर पक्कं असलं तरी खालची जमीन हलते, ती अशी.

अशा वेळी टेस्ट कामाला येतात. टेस्ट म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली गणितं. कोडमध्ये कुठलाही बदल केला की ती सगळी पुन्हा सोडवली जातात, आणि एक जरी उत्तर हललं तरी बदल अडवला जातो. स्कायफील्डची उत्तरं 'नोव्हास' या स्वतंत्रपणे लिहिलेल्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहिली जातात.

मी माझ्या प्रोग्रॅमसाठी विजयदुर्गचं ग्रहण हीच एक टेस्ट करून टाकली. त्यातही एक खड्डा होताच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. १८९८ मधली विजयदुर्गची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३७ मिनिटं मागे होती. जुन्या नोंदीतली वेळ कुठली, हे न पाहता तुलना केली तर बरोबर गणित चूक ठरेल.

हे आपल्या किनाऱ्यावर आधीही झालंय

कोकण किनाऱ्यावरच, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला. ज्या-कोज्या टाळून, साध्या आकडेमोडीत ग्रह काढण्याची सोय त्यांनी केली. अकरा-अकरा वर्षांची चक्रं धरली, म्हणजे दिवसांची संख्या ४०१६ च्या पुढे जातच नाही आणि मोठे आकडे वापरावे लागत नाहीत. पंचांगकर्त्यांनी तो ग्रंथ शतकानुशतकं वापरला. आजच्या भाषेत ती लायब्ररीच.

पण कोणताही करणग्रंथ जुना झाला की गणितातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत अंतर पडत जातं. वेध घेऊन आकडे सुधारायचे, याला आपल्याकडे 'बीजसंस्कार' असा नेमका शब्द आहे. अपडेट म्हणजे तरी वेगळं काय? १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली. त्यातून नव्या पंचांगाची चळवळ उभी राहिली आणि वादही झाले, कारण आकडे बदलले की सणवार हलतात. जुनं वापरणाऱ्यांचं मोडू न देता नवं कसं आणायचं, हा प्रश्न आज प्रत्येक आवृत्तीच्या वेळी लायब्ररी सांभाळणाऱ्यांपुढे असतो.

फरक इतकाच, की हे सांभाळणारे हात फार थोडे आहेत. स्कायफील्ड आणि त्याआधीची पायइफेम या दोन्हींमागे मुख्यतः ब्रँडन ऱ्होड्स हा एकच माणूस आहे. त्यामुळे तुम्ही अशी लायब्ररी वापरत असाल तर निदान एवढं करा: निबंधात आवृत्तीचा नंबर आणि डेटा फाईलचं नाव लिहा, आणि चूक सापडली तर ती पुन्हा दिसेल असं छोटं उदाहरण देऊन कळवा. माझा पहिला हातभार कोडचा नव्हताच. माहितीपत्रकातली एक संदिग्ध ओळ सुधारून पाठवली होती, आणि तीही स्वीकारली गेली.

काकांचं उत्तर

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. गणित म्हणतं, दोन्ही ग्रहणं विजयदुर्गवर खग्रास होती. १८९८ चं दोन मिनिटांच्या आसपास, १८६८ चं पाच मिनिटांच्या आसपास. पण १८६८ मध्ये सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच, वर्णपटातली ती पिवळी रेघ पाहिली. किल्ल्यावर ते आले तीस वर्षांनी. तोवर रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरही हेलियम शोधला होता. सावली कुठे पडली हे लायब्ररी सांगते. त्या सावलीत कोण उभं होतं हे कागदपत्रांतच बघावं लागतं.

काका थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "म्हणजे सावली दोनदा इली, साहेब एकदाच." अगदी तसंच.

पुढचं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, आपल्याकडे खंडग्रास. वेळा काढून ठेवल्यात. ग्रहणाच्या आदल्या आठवड्यात नवी कोष्टकं उतरवून पुन्हा काढीन. ऑगस्टातल्या ढगांवर मात्र कुठल्याच लायब्ररीत उपाय नाही.