श्रद्धा आणि रोजचं जगणं (लेखांक ६) : मोडल्यानंतरचा नेम

मागच्या लेखांकात आपण रायपूरच्या बूढापाऱ्यात राहिलेल्या चौदा वर्षांच्या नरेंद्राविषयी वाचलं. १८७७ साली रायपूरला येताना बैलगाडीच्या वाटेवर डोंगराच्या कपारीतलं प्रचंड मोहोळ पाहून त्याचं भान हरपलं, अशी हकिकत विवेकानंदांच्या चरित्रात येते. श्रद्धा म्हटलं की असाच एखादा झळाळता क्षण आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण तो वाट्याला येणारी माणसं किती? बाकीच्यांच्या श्रद्धेचं काय, हे समजून घ्यायला बूढापारा सोडून कुठे जायला नको. बूढा तलावालगत एक सरकारी शाळा आहे, माधवराव सप्रे यांच्या नावाची.

सप्रे मराठी घरातले. जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं आणि १९०७ साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’. टिळकांचे विचार हिंदी वाचकांच्या घरात नेणारं हे पत्र सरकारच्या डोळ्यांत सलणारच होतं. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्र्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. घरच्यांनी गळ घातली, दबाव आणला. अखेर सप्र्यांनी माफीनामा दिला आणि ते सुटून बाहेर आले.

ज्या गोष्टीवर जीव ठेवून लिहीत होतो, तिच्याशीच आपण बेइमानी केली, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांना दोष देणं मला पटत नाही. ज्यांच्यावर तशी वेळ आली नाही, त्यांनी तर तो देऊच नये. त्यांनी स्वतः मात्र स्वतःला माफ केलं नाही. ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढावर समर्थ संप्रदायातल्या श्रीधर विष्णु परांजपे यांच्याकडे गेले. पुढे रायपुरात परतल्यावरही ते साधकासारखे राहिले, भिक्षेवर जगले.

इथे जरा थांबायला हवं. भिक्षा म्हणजे काय, हे आज आपण विसरलो आहोत. खांद्याला झोळी अडकवायची, दारात उभं राहायचं, मिळेल ते घ्यायचं, मिळालं नाही तर मनात राग न धरता पुढच्या दाराशी जायचं. ज्या संपादकाचं नाव गावाला ठाऊक, त्यानं हे रोज करायचं! आज तुपाची धार, उद्या शिळी भाकरी, परवा बंद दार. ‘दासबोधा’त चौदाव्या दशकाचा दुसरा समास भिक्षेवरच आहे. समर्थांनी भिक्षेकडे पोट भरण्याचं साधन म्हणून पाहिलं नाही. लोकांत मिसळायचं, माणसं पारखायची आणि आपला अहंकार झिजवायचा, हे त्यामागचं शिक्षण. मन उभारी धरत नसतानाही पाय मात्र दारोदार जातात. श्रद्धेचं काम नेमकं इथे सुरू होतं, असं मला ठामपणे वाटतं. स्वतःवरचा भरवसा उडालेल्या माणसाला नेम धरून ठेवतो.

या काळात सप्र्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणायला घेतला. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही पोथी लाल फडक्यात बांधलेली असते. एका समासात सरासरी चाळीसेक ओव्या. मोठ्यानं वाचल्या तर दहा-बारा मिनिटं लागतात. रोज एक समास म्हटलं तर पोथी सहा-सात महिने पुरते. एवढ्या दिवसांत घरात आजारपण येतं, भांडण होतं, कुणाची नोकरी जाते. वाचताना दर दिवशी मन भरून येतंच असं नाही, बहुतेक दिवशी नाहीच येत. तरी पोथी उघडली जाते. शिवाय हा ग्रंथ बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात प्रपंच नीट करायला सांगतो, परमार्थ त्यानंतर. घर वाऱ्यावर सोडून देवाला धरणं समर्थांना मंजूर नव्हतं.

नवस बोलणं मला कमी लेखायचं नाही. अडल्या माणसाचा तो आधार असतो. पण नवसाला फेडीचा दिवस असतो. नेमाला तो नसतो, म्हणून त्याची जात वेगळी.

सप्रे कामालाही लागले होते. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा उभी राहिली, त्यामागे ते होते. दरम्यान टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१५ साली ते मराठीत छापून निघालं. सप्रे माफीनामा देऊन सुटले, त्या वेळी टिळक शिक्षा भोगत होते. त्या बंदिवासात लिहिलेला हा ग्रंथ हिंदीत नेण्याचं काम सप्र्यांकडे आलं. कर्मयोग सांगणारी ती शेकडो पानं त्यांनी ओळीन् ओळ हिंदीत उतरवली. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच वारले. उत्तरेतल्या वाचकांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ वाचलं ते सप्र्यांच्या हिंदीत.

(क्रमशः)