मोटारीचा टायमिंग बेल्ट : केव्हां व कसा बदलावा

ज्या घरीं पूर्वीं दमणी किंवा रेंगी असे, त्या घरीं आतां बहुधा मोटार उभी असते. चाकाच्या धावेची, आंसाच्या वंगणाची व बैलांच्या खुरांची काळजी आपला शेतकरी कोणी न सांगतां घेत आला आहे. परंतु मोटारीच्या एंजिनांत एक रबरी दांतेरी पट्टा असतो. तो दिसत नाहीं, वाजत नाहीं, व तुटेपर्यंत आपल्या म्हातारपणाची खबरहि बहुधा देत नाहीं. त्यास मिस्त्री लोक टायमिंग बेल्ट म्हणतात. तो वेळेवर बदलल्यास खर्च थोडा येतो. न बदलल्यास पुष्कळदां सबंध एंजिन उघडावें लागतें. हें काम घरीं करतां येईल काय, असें कांहीं सभासद विचारतात, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

पट्ट्याचें कार्य

एंजिनाच्या सिलिंडरांत चार क्रिया क्रमानें होतात : हवा आंत घेणें, ती दाबणें, इंधनाचा जाळ होणें व धूर बाहेर टाकणें. या चार क्रियांत खालचा क्रँक दोन फेरे घेतो. हवेची व धुराची दारें, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा वरचा कॅमशाफ्ट तेवढ्याच वेळांत एक फेरा घेतो. म्हणून कॅमच्या पुलीस क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दांते असतात. क्रँक मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास २५ वेळां उघडतो व मिटतो. हा मेळ राखण्याचें काम टायमिंग बेल्ट करतो.

सेवाग्राम व पवनार ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथें चरख्याची माळ कोणास सांगावयास नको. ती सैल पडून घसरली तर सुतास पीळ कमी बसतो, याहून अधिक कांहीं बिघडत नाहीं. पिठाच्या गिरणीचा चपटा पट्टा घसरला तर राळ लावून काम भागतें. टायमिंग बेल्टास मात्र घसरण्याची मुभाच नाहीं. म्हणून त्यास दांते असतात. तो एक-दोन दांते जरी सरकला तरी एंजिनाचा जोर जातो, आणि पुष्कळ एंजिनांत, विशेषतः डिझेलच्या, पट्टा तुटला कीं वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हांवर आदळून त्यांस वांकवितो. डिझेल एंजिनांत हवा फार दाबावयाची असल्यामुळें पिस्टनच्या वर जागा अगदीं थोडी असते, हें याचें कारण होय.

नुकसान पैशाचेंच असतें असें नाहीं. समृद्धि महामार्गावर भर वेगांत पट्टा तुटला म्हणजे एंजिन तत्काळ बंद पडतें, स्टिअरिंग जड होतें, व दोन-तीनदां दाबल्यावर ब्रेकहि फार जोर लावल्याशिवाय लागत नाहींत. रात्रीं आर्वी किंवा समुद्रपूरकडून रोगी घेऊन सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे निघालेली गाडी वाटेंत थांबली तर काय होईल, याचा ज्याचा त्यानें विचार करावा.

कोणत्या गाडींत पट्टा असतो

सर्वच गाड्यांत तो नसतो. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या जुन्या एंजिनांत साखळी असे. जर्मनींतील ग्लास कंपनीनें १९६२ च्या सुमारास आपल्या १००४ या मोटारींत रबरी दांतेरी पट्टा घातला, व तेथून ही पद्धत पसरली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्यें आलेल्या मारुति ८०० मध्यें पट्टा होता. १९९८ च्या अखेरीस आलेल्या, पुण्यास तयार होणाऱ्या टाटा इंडिकाच्या डिझेल एंजिनांतहि पट्टाच होता. या दोन गाड्यांचें उत्पादन अनुक्रमें २०१४ व २०१८ सालीं बंद झालें, तरी जुन्या म्हणून घेतलेल्या त्या गाड्या अजून धांवत आहेत. २००५ पासून २०१६ पर्यंतच्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल एंजिनांतहि पट्टा असे. उलट स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल एंजिनांत साखळी असते, आणि ट्रॅक्टरांत बहुधा दांतेरी चाकें असतात. म्हणून ट्रॅक्टरच्या अनुभवावरून मोटारीविषयीं अनुमान करूं नये. गाडीबरोबर मिळणारें पुस्तक पाहावें.

केव्हां बदलावा

मुदत गाडीप्रमाणें निराळी असते. सामान्यतः ती ६०,००० पासून १,००,००० किलोमीटरपर्यंत असते, व कांहीं एंजिनांत याहूनहि अधिक. परंतु किलोमीटरांबरोबर वर्षेंहि मोजावीं लागतात. रबर उभ्या गाडींतहि जुनें होतें, आणि वर्ध्याच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो तेव्हां टिनाखालीं उभ्या असलेल्या गाडीचें रबर लवकर वाळतें. पुस्तकांत वर्षांची मर्यादा दिली असल्यास ती व किलोमीटरांची मर्यादा यांपैकीं जी आधीं येईल ती खरी मानावी. जुनी गाडी घेतली असून मागील मालकाजवळ बदलल्याची पावती नसेल, तर पट्टा बदललेला नाहीं असेंच धरून चालावें. पट्ट्यास तेल लागलें असेल, भेगा पडल्या असतील किंवा उंदरांनीं तो कुरतडला असेल, तर मुदतीची वाट पाहूं नये. मात्र वरून चांगला दिसणारा पट्टा चांगलाच असतो असें नाहीं.

घरीं कोणीं करावें

ज्यानें आपल्या हातानें पंपाचें एंजिन खोललें व बसविलें आहे, ज्याजवळ त्या गाडीचें दुरुस्तीचें पुस्तक आहे, आणि ज्याची गाडी एका कॅमशाफ्टची साधी पेट्रोल गाडी आहे, त्यानें हें काम घरीं करण्यास हरकत नाहीं. डिझेल एंजिनांत पुष्कळदां याच पट्ट्यावर इंधनाचा पंपहि फिरतो व त्याची खूणहि जुळवावी लागते. कांहींत पुली जागच्या जागीं धरण्यास खास खिळे लागतात. अशी गाडी जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी.

साहित्य म्हणून पान्यांचा संच, जॅक, दोन मजबूत लोखंडी स्टँड व नट ठराविक जोरानें आवळण्याचा टॉर्क रेंच एवढें पाहिजे. पट्ट्याबरोबर त्यास ताण देणारा टेन्शनर नवाच घ्यावा. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोहि बदलावा. नाहींतर सहा महिन्यांनीं तो गळूं लागला म्हणजे हेंच काम पुन्हां करावें लागतें. बाजारांत नकली पट्टे पुष्कळ असतात. अधिकृत दुकानांतून पावती घेऊनच माल घ्यावा.

कामाचा क्रम

१. एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस अटकाव लावावा, व बॅटरीची ऋण तार सोडावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि जाऊं नये.

२. बाहेरचे पट्टे, क्रँकची पुली व पट्ट्यावरचें झांकण काढावें. कोणता नट कोठला तें लिहून ठेवावें. पुलीचा मोठा नट सोडवितांना टायमिंग बेल्टावर जोर येऊं देऊं नये.

३. स्पार्क प्लग काढावे, म्हणजे एंजिन हातानें सहज फिरतें. मग पान्यानें क्रँक, एंजिन चालतें त्याच दिशेनें, फिरवून क्रँकची व कॅमची अशा दोन्ही खुणा पुस्तकांत दाखविल्याप्रमाणें जुळवाव्या. स्टार्टरनें फिरवूं नये.

४. टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढावा. यानंतर क्रँक किंवा कॅम हलतां कामा नये. क्रँकच्या किंवा कॅमच्या सीलमधून तेल गळत असेल तर तें सील आतांच बदलावें, कारण तेल रबरास खातें.

५. नवा पट्टा दुमडूं, पिळूं किंवा पेचकसानें उचकटून बसवूं नये. त्यावर बाण असेल तर तो चालण्याच्या दिशेस ठेवावा. ज्या बाजूस टेन्शनर नाहीं ती बाजू आधीं ताठ बसवावी, व मग टेन्शनर सोडून ताण द्यावा. ताण कमी झाला तर दांते सरकतात. अधिक झाला तर पंपाचें बेअरिंग झिजतें व पट्टा घुंगुरल्यासारखा आवाज करतो.

६. आतां पान्यानें क्रँकचे दोन पूर्ण फेरे हळूहळू द्यावे व खुणा पुन्हां पाहाव्या. या सर्व कामांत हीच पायरी मुख्य होय. मध्यें कोठेंहि कठीण अडथळा लागला तर जोर न करतां तेथेंच थांबावें. तो पिस्टन व्हॉल्व्हास लागल्याचा संभव असतो. खुणा एका दांत्यानें जरी चुकल्या तरी पट्टा काढून पुनः बसवावा.

७. खुणा जुळल्यावरच सर्व नट पुस्तकांतील जोरानें आवळून झांकण बसवावें.

हें काम मृगापूर्वीं, शेतीची घाई नसतांना हातीं घ्यावें, व एक सबंध दिवस त्यास द्यावा. स्टँड व टॉर्क रेंच प्रत्येक घरीं असण्याचें कारण नाहीं; चार घरांनीं मिळून एक संच ठेवल्यास पुरे होतो. काम झाल्यावर तारीख व किलोमीटरचा आंकडा झांकणावर व घरच्या वहींत लिहून ठेवावा. गाडी पुढें मुलाकडे जावो कीं दुसऱ्या मालकाकडे, त्या आंकड्यावरून पुढची मुदत त्यास कळेल.