धावपट्टीच्या अलीकडचे तास

इंदूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ५०५ किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमध्ये काढलेली ही सर्वांत आखूड रेषा. ताशी आठशेच्या वेगाने ती अडतीस मिनिटांत संपायला हवी. वेळापत्रकात मात्र सव्वा-दीड तास असतो. यात लबाडी नाही. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि इतक्या छोट्या पल्ल्यात चढणे आटोपते न आटोपते तोच उतरण सुरू होते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत, त्यामुळे गर्दीच्या वेळी घिरट्या आल्याच.

बऱ्हाणपूरकराला मात्र हा दीड तासही पुरा हिशेब सांगत नाही. असीरगड, खंडवा, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल आणि पुढचा घाट ओलांडून इंदूर गाठायला चारेक तास लागतात, आणि ते उलट्या दिशेने. बऱ्हाणपूरहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४३० किलोमीटर. म्हणजे चार तास रस्ता तुडवून माणूस घरी होता त्याहून पाऊणशे किलोमीटर मुंबईपासून लांब जाऊन बसतो! वर तपासणीसाठी दीड तास आधी पोहोचा, उतरल्यावर सामान घ्या, शहरात शिरा. बेरीज आठ तासांवर जाते. भुसावळमार्गे रेल्वे साधारण तेवढ्याच वेळात नेते, आणि रात्रीची गाडी असेल तर त्यातले बरेचसे तास झोपेत जातात.

जळगावचा विमानतळ शंभरेक किलोमीटरवर आहे, तो का धरत नाही, असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. दिशाही बरोबर आहे. पण उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली जळगाव–मुंबई सेवा पुढे खंडित झाली होती, आणि तुरळक फेऱ्यांच्या मार्गावर विमानाची वाट पाहण्यातला वेळही प्रवासातच धरायला हवा. सोयीच्या दिवशी सोयीचे विमान मिळाले, तर जळगाव जरूर सरस. एरवी भुसावळच्या फलाटाशी त्याची बरोबरी होत नाही.

म्हणून विमान निरुपयोगी, असे मात्र नव्हे. जमिनीवरचे सहा-सात तास पल्ला वाढला तरी तेवढेच राहतात. लांबतो तो फक्त हवेतला वेळ, आणि तोही थोडाच. रेल्वेचे तास मात्र किलोमीटरांबरोबर वाढत जातात. बऱ्हाणपूरहून दिल्ली रेल्वेने हजारावर किलोमीटर, एक्सप्रेसने पंधरा तासांच्या आसपास. इंदूरहून हवाई अंतर ६६० किलोमीटर, उड्डाण दीड तासाचे. इथे विमान उघडच जिंकते, कारण उत्तरेकडे निघालेल्याला इंदूर आडवाटेचे राहत नाही.