एक चौकार आणि लाखोंचे गुण बदलतात, तरी लाइव्ह स्कोअरचा हिशोब चुकत कसा नाही?

समजा रविवारची संध्याकाळ आहे. शहापूर तालुक्यातल्या सापगावात कट्ट्यावर दोन मित्र बसलेत. आयपीएलची मॅच सुरू आहे आणि दोघांच्याही मोबाईलवर एकच ॲप उघडलंय. एकाच्या स्क्रीनवर १४२, दुसऱ्याच्या स्क्रीनवर १४६.

पहिला म्हणतो, "तुझं ॲप गंडलंय." दुसरा म्हणतो, "चौकार गेला रे, तुझंच नेट स्लो आहे."

पाच-सहा सेकंदांत पहिल्याचाही स्कोअर १४६ होतो आणि वाद मिटतो. पण या पाच-सहा सेकंदांत पडद्यामागे काय होतं? सतत बदलणारा स्कोअर एकाच वेळी कोट्यवधी लोकांना दाखवायचा आणि हिशोबही चुकवायचा नाही, हे नक्की जमतं कसं?

आधी गर्दी किती असते ते बघू

१९ नोव्हेंबर २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्डकप फायनल झाली. तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक असल्याचा आकडा समोर आला होता. एवढ्या लोकांनी एकाच कॉम्प्युटरला "स्कोअर काय झाला?" असं विचारलं, तर तो कॉम्प्युटर जागेवर बसेल.

पण नुसता स्कोअर दाखवायचा असेल तर काम तुलनेने सोपं आहे. स्कोअर लिहिणारा एकच असतो, वाचणारे कोट्यवधी. मग स्कोअरच्या प्रती काढून वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवायच्या. प्रत्येकाने आपल्या जवळच्या सर्व्हरवरून वाचायचं. एखादी प्रत दोन-चार सेकंद मागे राहते, म्हणून कट्ट्यावर १४२ आणि १४६ असा घोळ होतो. थोड्या वेळाने सगळ्या प्रती सारख्या होतात.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे

२००८ साली हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ड्रीम११ सुरू केलं. पुढे तो प्रकार किती वाढला हे सगळ्यांना माहीत आहे. या खेळात तुम्ही ११ खेळाडू निवडता. कॅप्टनला दुप्पट गुण, व्हाइस कॅप्टनला दीडपट.

आता गणित करून बघा. समजा एका मॅचवर १ कोटी टीम लागल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या टीममध्ये एकच लोकप्रिय बॅट्समन आहे. त्याने चौकार मारला की एका फटक्यात ५० लाख टीमचे गुण बदलले. गुण बदलले की क्रमांकही बदलणार. टी-ट्वेंटीच्या दोन डावांत वाइड, नो बॉल सोडून २४० चेंडू असतात. प्रत्येक चेंडूला ५० लाख नोंदी बदलायच्या म्हटलं, तर एका मॅचमध्ये १२० कोटी बदल!

म्हणून अशा ठिकाणी पहिली युक्ती वापरता येते ती म्हणजे काम टाळायची. मॅच सुरू झाली की तुमची टीम बदलत नाही, ती एकदाच लिहून ठेवायची. बदलतात ते फक्त मैदानातल्या खेळाडूंचे गुण. म्हणजे प्रत्येक चेंडूला थोड्याच नोंदी बदलायच्या आणि टीमची बेरीज लागेल तेव्हा करायची.

दुसरी युक्ती म्हणजे वाटणी. सगळ्या स्पर्धा एका सर्व्हरवर ठेवायच्या नाहीत. या स्पर्धा इकडे, त्या तिकडे. तुमचा क्रमांक तुमच्या स्पर्धेपुरताच असतो, त्यामुळे एका सर्व्हरला दुसऱ्याला विचारत बसावं लागत नाही. एखादी स्पर्धा फारच मोठी असेल तर तिचेही तुकडे पाडायचे आणि शेवटी क्रम एकत्र लावायचा.

उत्तर गावच्या स्कोअररच्या वहीत आहे

ठाणे जिल्ह्यात टेनिस बॉल क्रिकेटचं वेड किती आहे हे वेगळं सांगायला नको. गावच्या मैदानात टेबलावर वही घेऊन बसलेला स्कोअरर आठवा. तो काय करतो? १४२ खोडून १४६ लिहीत नाही. तो प्रत्येक चेंडूची नोंद करतो. टिंब, १, ४, वाइड, विकेट. टोटल त्या नोंदींच्या बेरजेतून येते.

भरवशाचा स्कोअर डेटाबेसही असाच बांधतात. स्कोअर साठवायचा नाही, चेंडू साठवायचे. याचे तीन फायदे होतात.

एक, चूक सुधारता येते. अंपायरने चौकार बदलून षटकार दिला, तर जुनी नोंद न पुसता खाली दुरुस्तीची नोंद करायची आणि बेरीज पुन्हा मारायची.

दोन, नेट अडखळलं आणि तोच चेंडू दोनदा पाठवला गेला, तरी चार धावांच्या आठ होत नाहीत. कारण प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो. इथे "१५.३" हा ओव्हरचा आकडा चालत नाही. वाइड पडला की तोच चेंडू पुन्हा टाकावा लागतो आणि एकाच आकड्याचे दोन चेंडू होतात. म्हणून क्रमांक वेगळाच द्यावा लागतो.

तीन, वाद झाला तर पुरावा असतो. बॅट्समनच्या धावा अधिक एक्स्ट्रा बरोबर टोटल. जुळलं नाही तर कुठे चुकलं ते शोधता येतं.

पूल पाण्याखाली गेला तर?

शहापूर-मुरबाड रस्त्यावर सापगावला भातसा नदीवर पूल आहे. पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात. समजा पूल बंद झाला आणि फोनही लागेनात. दोन्ही बाजूंना माणसं आहेत, कामं सुरू आहेत, पण एकमेकांचा पत्ता नाही.

सर्व्हरचंही तसंच होतं. दोन ठिकाणचे सर्व्हर चालू असतात, पण मधली लाइन तुटते. अशा वेळी दोनच पर्याय राहतात. एक तर दोन्हीकडे काम चालू ठेवा, मग दोन्हीकडचा हिशोब वेगळा होऊ शकतो. नाही तर एका बाजूचं काम थांबवा, म्हणजे हिशोब एकच राहतो पण त्या बाजूच्या लोकांना ताटकळावं लागतं.

लाइन तुटल्यावर हे दोन्ही एकत्र मिळत नाही. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञाने हा मुद्दा २००० साली मांडला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ साली तो सिद्ध केला. कॅप प्रमेय म्हणतात ते हेच.

मग करायचं काय? कुठे काय चालेल ते आधीच ठरवायचं. स्कोअर दाखवताना थोडी शिळी प्रत चालते, कारण कोरी स्क्रीन दिसण्यापेक्षा पाच सेकंद जुना स्कोअर बरा. पण चेंडूची अधिकृत नोंद करताना असं चालत नाही. तिथे बहुमत लागतं. तीन सर्व्हरपैकी किमान दोघांनी "नोंद झाली" म्हटल्याशिवाय ती पक्की धरायची नाही. पूल तुटला तरी तिघांतले दोन एकाच बाजूला असतात, त्यामुळे दोन वेगवेगळे खरे स्कोअर तयार होत नाहीत.

पाच सेकंदांची किंमत

कट्ट्यावरच्या वादात चार धावांचा फरक म्हणजे गंमत. पण त्याच चार धावांवर पहिला आणि दुसरा नंबर ठरणार असेल तर? ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. पण बक्षीस पैशांचं असो किंवा गावच्या स्पर्धेतल्या चषकाचं, हरलेल्याचा प्रश्न एकच असतो. मी खरंच हरलो का?

त्याचं उत्तर लाइव्ह स्क्रीन देऊ शकत नाही, कारण ती घाईत असते. ते नोंदींमध्ये असतं. म्हणूनच मॅच संपली तरी शेवटचा निकाल पडताळणी झाल्यावर जाहीर करणं शहाणपणाचं. गावचा स्कोअररही तेच करतो. शेवटचा चेंडू पडतो, पोरं मैदानात धावतात, ढोल वाजायला लागतो आणि तो मात्र मान खाली घालून वहीतली बेरीज पुन्हा एकदा मारत असतो.