स्वतःच्याच अस्थीचे कवच

"कवटीचा एक भाग काढून तो रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवला आहे," असे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतात, तेव्हा घरच्या माणसांचा क्षणभर विश्वास बसत नाही. परंतु ही पद्धत सुमारे शंभर वर्षांपासून प्रचलित आहे.

अपघाताने अथवा मोठ्या पक्षाघाताने मेंदू सुजतो. कवटी कठीण असल्याने त्यास पसरावयास जागा उरत नाही आणि दाब वाढून प्राणांवर बेतते. म्हणून हाडाचा तुकडा काढून मेंदूस वाव देतात. तो तुकडा पोटावरील चरबीत किंवा उणे ८० अंशांच्या शीतपेटीत जतन करतात आणि सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, मूळ जागी बसवितात.

तुकडा चुरला असेल, तर दुसरा मार्ग आहे. कवटीच्या हाडास दोन पदर असतात. निरोगी भागाचा बाहेरचा पदर अलग करून खिंडार बुजविता येते. बरगडीही वापरतात, तिच्यावरील पातळ आवरण शाबूत राखल्यास तेथे पुन्हा हाड धरते.

हॉलंडचे शल्यविशारद योब फान मीकेरेन यांच्या १६६८ च्या ग्रंथात श्वानाच्या कवटीचे हाड बसविलेल्या एका रशियन रुग्णाची हकिकत आहे. त्याच्या धर्मपीठाने त्यास आक्षेप घेतला होता. पुढे १८२१ मध्ये जर्मनीतील फिलिप फॉन वाल्थर यांनी रुग्णाचेच हाड परत बसविले.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबास हा मार्ग सहज रुचेल. तथापि एक गोष्ट ध्यानी असावी. मेंदूवरील आवरण सांधण्याकरिता कधी गोवंशीय ऊतींपासून केलेला पडदा वापरतात. कवटीवरील किंवा मांडीतील स्वतःचे आवरणही त्या कामी येते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांशी याविषयी स्पष्ट बोलावे. तातडीच्या प्रसंगी मात्र चर्चेत वेळ दवडू नये. प्राणरक्षण हाही जीवदयेचाच भाग आहे.

स्वतःचे हाड सर्वदा टिकतेच असे नाही. ते झिजते, विशेषतः मुलांमध्ये. कधी जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी टायटॅनियमची जाळी योग्य ठरते.

घरी जाताना हाड कोठे ठेवले आहे, याची लेखी नोंद अवश्य घ्यावी. ते परत बसेपर्यंत त्या जागी केवळ त्वचेचे आवरण असते; म्हणून पडणे व धक्का लागणे कटाक्षाने टाळावे. आणि दुकानापर्यंतच जायचे असले, तरी दुचाकीवर शिरस्त्राण घालावे. निसर्गाने दिलेले कवच अभंग राहावे, हेच श्रेयस्कर.